टिटवीची बातमी

वैशाली,

टिटवीची बातमी द्यायची राहिली होती. "बघून सांग हं मला," म्हणाली होतीस, आणि मी मोठ्या ऐटीत हो म्हणालो होतो. तुला जाऊन अजून महिना व्हायचाय. एवढीशी बातमी द्यायला मला इतके दिवस का लागले, ते आधी सांगतो. तू म्हणशील, पाल्हाळ नको, मुद्द्यावर ये. पण तुझ्याशी बोलताना मी कधी सरळ मुद्द्यावर आलोय का? तूच मला ओढून आणायचीस. आता ओढणारं कोणी नाही, तेव्हा ऐकून घे.

चाकणच्या आमच्या शेडमध्ये छताखालून फिरणारी ती मोठी क्रेन तू कधी पाहिली नाहीस. पाहिली नाहीस तेच बरं. ती बिघडली की मी चढतो. उभी लोखंडी शिडी, वर दोन पावलं मावतील एवढी वाट, कमरेला पट्टा. चढण्याआधी कंपनीचं परमिट लागतं, त्यावर साहेबांची सही. आणि आपलं एक वेगळंच परमिट होतं. शिडीखाली उभं राहून मी तुला मिस्ड कॉल द्यायचो. अर्धी रिंग. तू स्टाफरूममध्ये असलीस काय नि वर्गात असलीस काय, तुझी अर्धी रिंग परत यायची. वर फोन नेऊ देत नाहीत, म्हणून तो मी सलीमच्या हातात द्यायचो. सलीम, माझ्याबरोबरचा फिटर, तुझ्या हातच्या पुरणपोळीचा भक्त. तो फोनकडे बघून मोठ्यानं जाहीर करायचा, "भाभीचा ओके आला! चढा राव!" मग मी चढायचो. आणि उतरल्यावर दुसरा मिस्ड कॉल. त्याला उत्तर नसायचं. तो नुसता 'उतरलो' एवढं सांगायला.

हे कधी सुरू झालं? प्राची शाळेत जायला लागली आणि आपण पहिला मोबाइल घेतला, तेव्हापासून. पहिल्या दिवशी मी तुला फोनवर म्हणालो, "वर जायलोय." केवढी ओरडलीस! "वर जातो म्हणायचं नाही, चढतो म्हण! आणि ते जायलोय काय, जातोय म्हण." पिंपरीच्या कामगार कॉलनीत वाढलेली तू, मी लातूरकडचा. माझं 'करायलोय', 'खायलोय' ऐकून तू आयुष्यभर हसलीस. मग बोलणंच नको म्हणून मी नुसती रिंग द्यायला लागलो, बस्स.

त्या जाळीच्या खिडकीचं तुला ठाऊक आहे. क्रेनच्या वाटेवरून तिच्यातून कंपनीमागचा मोकळा प्लॉट दिसतो. मुरूम पसरलेला, अर्धं कुंपण पडलेलं. यंदा उन्हं तापायला लागली तेव्हा मला तिथं टिटव्यांची जोडी दिसली. घरी येऊन मी सहज बोललो, तर तू निवडायला घेतलेली मेथी तशीच टाकून उठलीस. मोशीला राहायला आलो तेव्हा घरामागच्या शेतात टिटव्या असायच्या, मग तिथं इमारती उभ्या राहिल्या आणि त्या गेल्या. "चाकणला आहेत? कंपन्यांच्या मधोमध? रविवारी जायचं," म्हणालीस. कोण जाणार त्या ट्रकांच्या धुळीत सुट्टीच्या दिवशी! पण जीवशास्त्राच्या मॅडमपुढे कुणाचं चाललंय.

गेलो. प्लॉटसमोरच्या टपरीवर बाकड्यावर बसलो, तुझ्या कॉलेजची दुर्बीण आळीपाळीनं डोळ्याला लावत. टपरीवाला आपल्याकडे असा बघत होता की ही दोघं जमिनीचा सौदा करायला आलीत की काय. मुरमातच खळगा, खळग्यात अंडी, मुरमाच्याच रंगाची. एक बसलेली, दुसरी चार पावलांवर पहारा करत.

"ह्यातली बायको कोण?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. दोघं सारखीच दिसतात. कामंही सारखीच करतात, बघ आणि शीक जरा."

मग तू मला ते डबकं दाखवलंस. पाण्याच्या टँकरचं गळून साचलेलं. पहाऱ्यावरची तिथं गेली, पोटाची पिसं भिजवली आणि येऊन अंड्यांवर बसली. आधीची उठून पहाऱ्याला लागली. उन्हात अंडी उकडू नयेत म्हणून ही दोघांची शिफ्ट. मला ते फार आवडलं होतं, पण तेव्हा बोललो नाही, कारण तू आधीच फुशारून बसली होतीस.

तेवढ्यात डंपर आत घुसला. दोन्ही टिटव्या काचेवर तुटून पडल्या. काय तो आरडाओरडा! ड्रायव्हरनं शिव्या हासडल्या, पण चाक वळवलं.

"वाघीण आहे राव," मी म्हणालो.

"जोडी आहे," तू म्हणालीस. "एकटी असती तर इतकी भिडली नसती."

"हिंमत ज्याची त्याची असते, मॅडम."

"असं तुला वाटतं."

आपलं भांडण इथून सुरू झालं. संपलं नाहीच.

तू चहाचा कागदी कप खाली ठेवून मला शिकवायला बसलीस. परदेशातल्या गवताळ रानात उंदरासारखा एक छोटा प्राणी असतो, जन्माची जोडी करून राहणारा. त्याला घाबरवलं आणि त्याचा जोडीदार जवळ असला, तर तो लवकर सावरतो, अंगाची थरथर लवकर थांबते. मेंदूत भीतीचा एक भाग असतो, बदामाएवढा. जोडीदाराचा नुसता वास आला, अंगाला अंग लागलं, की त्याचा आवाज बारीक होतो, रेडिओचा कान पिळल्यासारखा. "आणि गंमत म्हणजे," तू म्हणालीस, "शेजारचा कुणी आणून बसवला तर तेवढं चालत नाही. आपलाच लागतो."

"म्हणजे सलीम चालणार नाही?"

"थट्टा नको. आणि जोडीदार काढून घेतला ना, तर तो प्राणी धडपडायचंसुद्धा सोडतो. अंग चोरून बसून राहतो. भीती असते ती असतेच, आवाज कमी करणारं कोणी नसतं."

"तुझं आपलं सगळं मेंदूत!"

"तुझा गुडघ्यात आहे, म्हणून तुला पटत नाही." मग अगदी शिक्षिकेसारखी म्हणालीस, "माणसाचं थेट तसंच असतं असं म्हणता येत नाही हं. टिटवीच्या मेंदूत तर कुणी डोकावलंय की नाही, मला माहीत नाही. पण मला वाटतं. मला सांग, तुझा तो मिस्ड कॉल कशासाठी असतो?"

"तुझ्यासाठी! तुझ्या जिवाला घोर नको म्हणून."

"हो का?" एवढंच म्हणालीस आणि हसलीस. ते हसणं मला फार लागलं. स्कूटरवर घरी येईपर्यंत मी हेल्मेटमधून तावातावानं बोलत होतो. मी काय तुझ्या जिवावर शूर आहे का? लग्नाआधीपासून चढतोय! मागे बसून तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "ट्रककडे लक्ष दे, शूरवीर." मोशीला आल्यावर जिना चढताना तुला दम लागला. मधल्या मजल्यावर कठडा धरून उभी राहिलीस. तुझ्या हृदयाची झडप लहानपणापासून अधू, हे आपल्याला माहीत होतं. आता बदलावी लागणार, हेही डॉक्टर सांगून चुकले होते. आपण त्याबद्दल बोललो नाही, टिटवीवरच बोलत राहिलो.

त्यानंतर मी दर वेळी चढलो की तू संध्याकाळी दारातच विचारायचीस, "दिसल्या का?" चपला काढायच्या आधी बातमी. एकदा माझी आई आली होती, तिनं टिटवीचं नाव ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. तिच्या लेखी टिटवी ओरडणं म्हणजे अपशकुन. तू म्हणालीस, "आई, ती फक्त नवऱ्याला हाक मारते. मीसुद्धा मारते, ते तुम्हाला चालतं ना?" आईला हसू आवरेना.

आणि मग तो दिवस, मी चढलो आणि एकच दिसली. कुत्र्यानं नेली, डंपरखाली आली, काय झालं कुणास ठाऊक. तुला दवाखान्यात दाखल व्हायला जेमतेम दोन दिवस होते. सांगू की नको झालं. पण तू दारातच उभी. माझ्या तोंडावरून ओळखलंस.

"राहिलेली आता सोडून जाईल," तू हळूच म्हणालीस.

"नाही जायची."

"एकटीला नाही निभत रे. पोट भिजवायला गेली तर अंडी उघडी, अंड्यांवर बसली तर पहाऱ्याला कोणी नाही. घाबरून जाईल."

"नाही म्हणतो ना! पैज लाव."

तू पैज लावली नाहीस. बॅगेत टॉवेल ठेवत होतीस. म्हणालीस, "बघून सांग हं मला."

ऑपरेशनच्या सकाळी मला खाली औषधं आणायला पाठवलं होतं. आपलं बोलणं आधी झालं होतं तसं. गॅसची नोंदणी कर, कुंड्यांना पाणी घाल, असलंच. मनातलं काही नाही. आपल्याला वाटलं, वेळ आहे. मी पिशवी घेऊन जिना चढत होतो आणि खिशात फोन थरथरला. अर्धी रिंग. तुझी.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू आधी दिलीस.

मी जिन्यातच थांबलो. हातातली पिशवी पायरीवर ठेवली आणि अर्धी रिंग परत दिली. वर पोचलो तोवर ऑपरेशनचं दार बंद झालं होतं. प्राची तुझा फोन हातात घेऊन उभी होती. म्हणाली, "बाबा, आई फोन सोडेचना. स्क्रीन उजळली तेव्हा म्हणाली, आला ओके, चला आता." सलीमचं वाक्य. तुला ते माहीत होतं, आवडतही होतं, हे मला तेव्हा कळलं. आणि तू किती घाबरली होतीस तेही. वैशाली, त्या अर्ध्या रिंगेसाठी मी तुझा जन्मभर आभारी आहे. तू भीती माझ्याकडे दिलीस. नातेवाइकांपुढे 'काही नाही हो, साधं असतं' म्हणत हसत होतीस, पण मला रिंग दिलीस.

ऑपरेशन झालं, तू शुद्धीवर आली नाहीस. डॉक्टरांनी बसवून समजावलं. मी मान हलवत राहिलो, डोक्यात काही शिरलं नाही.

लोक येतात आणि म्हणतात, धीर धरा. धीर काय किराणा दुकानात मिळतो? कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकतो. मोशीच्या चौकात रस्ता ओलांडायला उभा राहतो आणि सिग्नल सुटला तरी पाय उचलत नाही. मी! कामावर गेलो पहिल्यांदा, तेव्हा क्रेनचा ब्रेक घासत होता. परमिट घेतलं, पट्टा बांधला, सवयीनं तुला रिंग दिली. मग आठवलं. तुझा फोन घरी कपाटात, मीच रोज चार्ज करून ठेवतो. सलीम माझ्याकडे न बघता उभा होता. मी शिडीला हात लावला आणि पाय जमिनीतून निघेनात. घाम फुटला. "चक्कर येतेय," म्हणालो आणि बाजूला झालो. माझ्याऐवजी दुसरा चढला. अंग चोरून मी टूल बॉक्सवर बसून राहिलो, तुझ्या त्या रानातल्या प्राण्यासारखा.

साहेब चांगले आहेत. म्हणाले, स्टोअरला कायमची जागा आहे, घ्या, विचार करून शनिवारपर्यंत सांगा. प्राचीनं तर हट्टच धरला. मारुंजीहून शनिवार-रविवार येते, माझ्या डब्यात काय आहे ते तपासते, तुझ्यासारखी. म्हणाली, "पुरे झालं बाबा. खालीच काम करा. आणि माझ्याकडे राहायला या."

"मी काय म्हातारा झालोय?"

"तसं नाही. आई होती तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

माझ्या पोरीनं नकळत तुझ्या बाजूनं निकाल दिला. मी ताटावरून उठलो. नंतर तिची समजूत काढली, काळजी नको. पण मला तुझा राग आला होता, खरं सांगतो. वाद अर्धा टाकून गेलीस, आणि गेलीस ती जिंकूनच गेलीस.

शुक्रवारी, म्हणजे आज, मी टपरीवर चहा प्यायला थांबलो. टपरीवाल्यानं ओळखलं. "मॅडम नाही आल्या?" मी मान हलवली. तो म्हणाला, "सोमवारी जेसीबी येतोय प्लॉटवर. पाया खोदणार." रस्त्यावरून आता आतलं दिसत नाही, पत्रे ठोकलेत. दिसणार ते फक्त वरून.

म्हणजे आज नाही तर कधीच नाही. तुला हो म्हणून बसलो होतो. शनिवारी साहेबांना काय सांगायचं ते मागाहून, आधी तुझं काम. क्रेनला ग्रीस मारायचं होतंच. परमिट मागितलं. साहेबांनी दोनदा विचारलं, नक्की ना? सही केली.

शिडीखाली उभा राहिलो आणि रिंग दिली. अर्धी. मग थांबलो, दर वेळी थांबायचो तेवढाच. सलीमच्या हातात फोन काळाच राहिला. तो म्हणाला, "राव, राहू द्या. मी सांगतो साहेबांना, तब्येत बरी नाही म्हणून."

"नको," म्हणालो आणि चढलो.

भीती गेली नाही, वैशाली. ऐकते आहेस का? हातमोज्यात तळवे भिजले. मधेच शिडीला मिठी मारून उभा राहिलो, डोळे मिटून. खालून सलीम एकसारखा बडबडत होता. त्याच्या मेहुण्यानं घेतलेली भंगार गाडी, मग बकरीचे भाव, मग मला शिव्या, "काय राव, तिथंच झोपता का!" त्याच्या बडबडीत मी पुढची पायरी धरली, मग त्याच्या पुढची. तू म्हणायचीस, शेजारचा चालत नाही. अगं, थोडा चालतो. तुझ्या बदामाचा आवाज बंद नाही झाला, पण सलीमच त्याच्याहून मोठ्यानं ओरडत होता.

जाळीच्या खिडकीशी पोचलो. आधी काहीच दिसेना. डोळ्यांत पाणी होतं आणि बाहेर ऊन.

मग दिसली. आहे. त्याच खळग्यावर आहे.

ग्रीस मारायचं सोडून बघत बसलो. ती उठली, धावत डबक्याकडे गेली. सारखी मान वळवून मागे बघत. पोट भिजवलं न भिजवलं तशी परत. तेवढ्यात डंपर आला. ती काचेवर गेली नाही. लांब पळाली, पार पत्र्यापर्यंत. तुझं बरोबर होतं, भिडली नाही, घाबरली. वाटलं, गेली. पण तिथूनच ओरडायला लागली, आणि ओरडत ओरडत चार पावलं पुढं, दोन मागं, असं करत खळग्यावर येऊन बसली. डंपर जवळून गेला. बसूनच राहिली. खाली अंडी आहेत की पिल्लं निघालीत, एवढ्या लांबून कळलं नाही. राहिलेली ती आहे की तो आहे, ते तर तू असतीस तरी सांगू शकली नसतीस.

सोमवारचं मी सलीमशी बोललोय. उद्या साहेबांना स्टोअरचं नाही म्हणायचं, आणि लगेच त्यांनाच घेऊन प्लॉटवाल्याकडे जायचं. तेवढा कोपरा थोडे दिवस सोडा म्हणून हात जोडायचे. ऐकेल की नाही कोण जाणे. पण तुझ्या पद्धतीनं अंडी, ऊन, पोटाची पिसं, सगळं समजावून सांगणार आहे. चुकलो तर हसू नकोस.

ही झाली बातमी. वाद कुणी जिंकला ते तू ठरव. मिस्ड कॉल कुणासाठी होता, ते मला जिन्यातच कळलंय.

अजून एक राहिलं. उतरून पट्टा सोडला. सलीमनं फोन माझ्या हातात दिला आणि पाणी आणतो म्हणून गेला. पाण्याची बाटली त्याच्या काखेतच होती. मी तुला दुसरा मिस्ड कॉल दिला. त्याला उत्तर नसतं, त्यामुळे तो द्यायला सोपा गेला. देता देता लक्षात आलं, इतकी वर्षं ह्याची वाट बघायला काय लागत असेल. तू वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता कान तिकडे ठेवून उभी राहत असशील. त्या दिवशी ऑपरेशनच्या दारापाशी मी तसाच बसलो होतो, फोन मुठीत धरून. तुझा फोन प्राचीच्या पर्समध्ये आहे हे माहीत असून बसलो होतो. पहिला तू दिला होतास, मी परत दिला होता, म्हणजे आता दुसरा यायचा.

मी उतरलो, वैशाली. तुझा तेवढा यायचा राहिलाय.